अडकलेला शून्य, अडकलेला एक

४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागले. अहमदनगर मतदारसंघातून नीलेश लंके निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या सुजय विखे पाटील यांनी ४० मतदान केंद्रांवरच्या मतदानयंत्रांची पडताळणी व्हावी, असा अर्ज केला. असा अर्ज करायची सोय तेव्हा अगदी नवी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने २६ एप्रिल २०२४ला दिलेल्या निकालातून ती मिळाली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत मागणी केली, तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी उत्पादक कंपनीचे अभियंते करतील, असं त्यात ठरलं. यंत्रांच्या एका संचामागे जीएसटी धरून ४७,२०० रुपये अर्जदाराने भरायचे आणि छेडछाड सापडली तर ते परत मिळायचे. पुढे जुलैमध्ये निवडणूक आयोगाने तांत्रिक पद्धत जाहीर केली. एका यंत्रावर जास्तीत जास्त १,४०० मतांचं अभिरूप मतदान घेता येईल, अशी तरतूद तीत होती.

त्या अर्जामागचं राजकारण हा या पुस्तकाचा विषय नाही. आपल्या कामाचा आहे तो १,४०० हा आकडा. डबा बंद आहे, आतलं सर्किट दिसत नाही, हाताशी फक्त बटणं आणि त्यांना मिळणारी उत्तरं आहेत. अशा वेळी ते सर्किट धड आहे हे पटायला बटणं किती वेळा दाबावी लागतील? १,४०० वेळा दाबणं पुरेसं आहे, कमी आहे, की गरजेपेक्षा जास्त? सामान्य मतदारापासून न्यायालयापर्यंत सगळ्यांना पडू शकणाऱ्या या प्रश्नावर चिप बनवणाऱ्यांनी साठ वर्षांहून जास्त काळ डोकं लावलं आहे. त्यांना मिळालेलं उत्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण ते आकड्यात येत नाही. किती वेळा दाबलं हे महत्त्वाचं नसतं. काय दाबलं आणि त्यातून कोणता बिघाड उघडा पडला असता, हे महत्त्वाचं असतं.

आधी सरळ मार्गाने जाऊन पाहू. सर्किटला जितके इनपुट देता येतात तितके सगळे द्यायचे आणि प्रत्येकाचं उत्तर तपासायचं. दोन ३२ बिटांच्या संख्यांची बेरीज करणारं सर्किट घ्या. खिशातल्या फोनच्या प्रोसेसरमध्ये असली सर्किटं कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेली असतात. त्याला ६४ इनपुट तारा. प्रत्येकीवर शून्य किंवा एक. एकूण जुळण्या दोनचा चौसष्टावा घात, म्हणजे १८ या आकड्यावर अठरा शून्यं दिली तर होते त्याहूनही थोड्या जास्त. सेकंदाला १०० कोटी चाचण्या घेणारं यंत्र अखंड चालवलं, तरी त्याला सुमारे ५८४ वर्षं लागतील. अहमद निजामशहाने अहमदनगर शहर वसवलं ते १४९० साली. २८ मे हा नगरचा स्थापना दिन मानला जातो. त्या दिवशी ही तपासणी सुरू केली असती, तर ती संपायला २०७४ साल उजाडलं असतं. आणि एवढा काळ जाणार तो एका बेरजेच्या सर्किटासाठी, ज्याला स्मरणशक्तीही नाही.

म्हणून सगळं तपासायचा हट्ट सोडून द्यावा लागतो. तो सोडण्याचा शहाणा रस्ता १९५९ साली रिचर्ड एल्ड्रेड यांनी दाखवला. डेटामॅटिक १००० नावाचा प्रचंड मोठा, व्हॅक्यूम ट्यूबांचा संगणक तेव्हा वापरात होता. त्याची तपासणी ‘बेरीज बरोबर येते का, गुणाकार बरोबर येतो का’ अशी होत असे. एल्ड्रेड यांनी प्रश्नच फिरवला. यंत्र काय काम करतं हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, आतला अमुक एक भाग बिघडला असेल तर ते मला कोणत्या इनपुटला कळेल?

यातून दोषाचं एक साधं चित्र रूढ झालं आणि ते आजही वापरात आहे. सर्किटमधल्या कोणत्याही एका तारेवरची किंमत कायमची शून्यावर किंवा कायमची एकावर अडकली आहे, असं धरायचं. इंग्रजीत याला ‘स्टक-अ‍ॅट’ दोष म्हणतात. प्रत्यक्षात चिपमध्ये बिघाड हजार प्रकारचे होतात. धातूची अतिसूक्ष्म रेघ तुटते, शेजारच्या दोन रेघा एकमेकींना टेकतात, धुळीचा कण बसतो, ट्रान्झिस्टरच्या पातळ थराला भोक पडतं. हे सगळे बिघाड ‘अडकलेला शून्य’ आणि ‘अडकलेला एक’ या दोन नावांत नेमके मावत नाहीत. तरीही यातला बहुतेक बिघाड कुठल्या ना कुठल्या तारेवर चुकीची किंमत आणतो आणि अडकलेल्या तारा पकडणाऱ्या चाचण्या त्यालाही बऱ्याचदा पकडतात. हिशेबाच्या दृष्टीने या चित्राचं मोल मोठं आहे. सर्किटमध्ये दहा लाख तारा असतील, तर दोष फक्त वीस लाख. इनपुटच्या जुळण्या घाताने फुगत होत्या, दोषांची यादी मात्र तारांच्या दुप्पट एवढीच राहते. वीस लाखांची यादी संगणकाला झेपते.

एक लहानसं सर्किट हातात घेऊन पाहू. विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो स्टार्टर आपल्याकडे गावोगाव आहे. त्याचा गाभा असा समजा: तिन्ही फेज ठीक असतील (ही तार ‘क’) आणि विहिरीत पाणी असेल (ही तार ‘ख’), तर मोटार चालू व्हावी. शिवाय दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडणारं बायपासचं बटण आहे (ही तार ‘ग’). ते दाबलं तर बाकी काहीही असो, मोटार चालू. ‘क’ आणि ‘ख’ एका अँड गेटमध्ये (दोन्ही इनपुट एक असतील तरच एक देणाऱ्या) जातात. त्या गेटमधून ‘घ’ ही तार निघते. ‘घ’ आणि ‘ग’ ऑर गेटमध्ये (दोन्हींपैकी कोणताही इनपुट एक असला तरी एक देणाऱ्या) जातात आणि तिथून मोटारीची तार निघते. एकूण पाच तारा, म्हणजे दहा दोष.

घाईत असलेला माणूस याची तपासणी कशी करेल? सगळं चालू करून पाहील, मोटार सुरू झाली की समाधान. मग सगळं बंद करून पाहील, मोटार थांबली की पुन्हा समाधान. आता यादी घेऊन बसा. सगळं चालू असताना ‘क’ शून्यावर अडकलेली असली तरी बायपास मोटार चालवतोच, म्हणजे तो दोष झाकला गेला. ‘ख’चं तसंच, ‘घ’चं तसंच. उलट बायपासची तार शून्यावर अडकलेली असली तर ‘घ’ मोटार चालवते, तोही दोष झाकला गेला. या चाचणीत एकच दोष सापडतो, मोटारीची तार शून्यावर अडकलेली असणं. सगळं बंद करून घेतलेली चाचणी तीन दोष पकडते: बायपास, ‘घ’ किंवा मोटारीची तार एकावर अडकलेली असणं. दहापैकी चार. आणि सुटले त्यांत कोण आहेत? फेज गेली तरी ‘ठीक आहे’ म्हणणारी ‘क’ आणि विहीर कोरडी पडली तरी ‘पाणी आहे’ म्हणणारी ‘ख’. ज्या बिघाडांनी मोटार जळते, नेमके तेच हातून निसटले.

आता या चार चाचण्या घ्या. बायपास बंद ठेवून ‘क’ आणि ‘ख’ दोन्ही चालू: मोटार चालली पाहिजे. बायपास बंद, फक्त ‘ख’ चालू: मोटार थांबली पाहिजे. बायपास बंद, फक्त ‘क’ चालू: मोटार थांबली पाहिजे. शेवटी फक्त बायपास चालू: मोटार चालली पाहिजे. कागदावर पडताळून पाहा, दहाच्या दहा दोष यांत सापडतात. शक्य जुळण्या आठ होत्या, त्यांतल्या चार पुरल्या. लहान सर्किटात ही बचत निम्मी दिसते. सर्किट वाढतं तशी ती चक्रावून टाकणारी होते. १९८५ साली फ्रँक ब्रग्लेझ आणि हिदेओ फुजिवारा यांनी संशोधकांना आपापल्या पद्धती जोखता याव्यात म्हणून दहा सर्किटांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यातलं सी६२८८ हे १६ बिटांचे दोन आकडे गुणणारं सर्किट आहे. ३२ इनपुट, २,४०६ गेट, जुळण्या ४२९ कोटींहून जास्त. सारखे दोष एकत्र केल्यावरही यादीत साडेसात हजारांच्या वर दोष उरतात. यातले पकडता येण्यासारखे सगळे दोष फक्त १२ चाचण्यांत सापडतात, हे इल्कर हमझाओग्लू आणि जनक पटेल यांनी १९९८ साली दाखवून दिलं. ४२९ कोटींतून निवडलेल्या बारा. मला या शास्त्रातला हा सगळ्यात देखणा निकाल वाटतो.

मतदानयंत्राच्या अभिरूप मतदानाकडे आता पुन्हा पाहता येतं. मतदानाच्या दिवशी सकाळी, मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून पाहतात. त्याच्या कितीतरी आधी, प्राथमिक तपासणीच्या वेळी, एक टक्का यंत्रांवर १,२०० मतं, दोन टक्क्यांवर १,००० आणि आणखी दोन टक्क्यांवर ५०० मतं टाकली जातात. एखाद्या उमेदवाराचं बटण अडकलेलं असेल, तर ते दोन-चार वेळा दाबल्यावर कळतं. पाचशे वेळा दाबून नवं काही कळत नाही. मग जास्त मतांचा उपयोग कुठे? दोनच्या पायावर मोजणारा कोणताही काउंटर घ्या. त्याचा अकरावा बिट १,०२४ची किंमत सांभाळतो आणि १,०२४वं मत पडेपर्यंत तो शून्यच असतो. तो शून्यावर अडकलेला असेल, तर १,००० मतांत हा दोष दिसणारच नाही, १,२०० मतांत दिसेल. एक हजार आणि बाराशे यांच्यात वरवर दोनशेचा फरक आहे. दोषांच्या यादीत मात्र एक अख्खा बिट मध्ये येतो. चाचणीचा आकडा ऐकला की तो कोणत्या दोषापर्यंत पोचतो हे विचारावं, ते यासाठी.

मोटारीच्या सर्किटासाठी चार चाचण्या आपण डोक्याने शोधल्या. लाखो गेटांसाठी संगणकाने त्या कशा शोधायच्या? १९६६ साली आयबीएममधल्या जे. पॉल रॉथ यांनी याची पहिली पूर्ण पद्धत मांडली. त्यांनी शून्य आणि एक यांच्या जोडीला ‘डी’ हे एक नवं चिन्ह आणलं. त्याचा अर्थ असा: धड सर्किटात इथे एक आहे, बिघडलेल्या सर्किटात शून्य. म्हणजे एकाच कागदावर दोन सर्किटांचा हिशेब एकदम चालतो. एखादी तार शून्यावर अडकली आहे का, हे पाहायचं असेल तर आधी तिच्यावर एक येईल असे इनपुट द्यायचे. अडकलेली नसेल तर एक, अडकलेली असेल तर शून्य. तिथे ‘डी’ जन्माला आला. पण तो चिपच्या पोटात आहे, आपल्याला दिसतात फक्त बाहेरच्या पिना. म्हणून ‘डी’ला गेटामागून गेट पार करत बाहेर न्यायचं. अँड गेटमधून जायचं तर दुसऱ्या इनपुटवर एक हवा, ऑर गेटमधून जायचं तर दुसऱ्यावर शून्य हवा, नाहीतर वाट बंद. मोटारीच्या उदाहरणात बायपास बंद ठेवायची अट आपण घातली ती याच कारणाने. शेवटी, वाटेत मागितलेल्या या सगळ्या किमती कोणत्या इनपुटमधून मिळतील, हे उलट दिशेने शोधत यायचं.

अडचण या उलट शोधात आहे. भंडारदऱ्याच्या कालव्याचं पाणी एका चारीतून दोन पोटचाऱ्यांत जावं आणि पुढे त्या पुन्हा एकाच शेतात येऊन मिळाव्यात, तसं सर्किटात एका तारेचे दोन फाटे फुटतात आणि पुढच्या एखाद्या गेटपाशी ते पुन्हा भेटतात. एका फाट्याची मागणी असते की मूळ तारेवर एक हवा, दुसऱ्याची असते की शून्य हवा. मग मागे फिरायचं, घेतलेला निर्णय बदलायचा, पुन्हा पुढे जायचं. मोठ्या सर्किटात हे मागे फिरणं लाखो वेळा घडू शकतं. कधी कधी सगळ्या वाटा संपतात आणि कळतं की या दोषाला चाचणीच नाही, कारण तो असला तरी सर्किटाचं उत्तर कधीच बदलत नाही. सी६२८८मध्ये असे ३४ दोष आहेत. ‘चाचणी सापडली नाही’ आणि ‘चाचणी असूच शकत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं विधान करण्यासाठी सगळ्या वाटा खरोखर बंद आहेत, हे सिद्ध करावं लागतं.

यापेक्षा पुष्कळ सोपी, प्रत्येक सर्किटाला झटपट लागू पडणारी एखादी युक्ती असेल का? १९७५ साली ऑस्कर इबारा आणि सरताज साहनी यांनी या प्रश्नाला जवळजवळ पूर्णविराम दिला. साहनी यांचा जन्म १९४९चा, पुण्यातला. शिक्षण आयआयटी कानपूरला आणि पुढचं काम अमेरिकेत. दोघांनी दाखवलं की दिलेल्या दोषासाठी चाचणी आहे का हा प्रश्न गणितातल्या त्या कुप्रसिद्ध कठीण प्रश्नांच्या कुळातला आहे, ज्यांतला एक जरी झटपट सुटला तरी सगळेच सुटतील. तसा एकही प्रश्न अजून कुणी झटपट सोडवलेला नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की सगळ्या सर्किटांवर हमखास वेगाने चालेल अशा पद्धतीची आशा धरू नये. खऱ्या कारखान्यात येणाऱ्या सर्किटांवर बहुतेक वेळा वेगाने चालेल अशी पद्धत शोधावी. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. कुठे श्रम घालायचे नाहीत हे त्याने सांगितलं, आणि पुढची कामं त्यामुळे नेमक्या जागी झाली.

त्यांतलं सगळ्यात प्रभावी काम प्रभू गोयल यांचं. तेही आयआयटी कानपूरचे, पुढे आयबीएममध्ये. चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या सर्किटांवर रॉथ यांची पद्धत अडखळत होती. या सर्किटांत एक्सऑर गेटांची (दोन इनपुट वेगळे असतील तरच एक देणाऱ्या) दाट जाळी असते. एक्सऑरमधून ‘डी’ कुठल्याही किमतीला पुढे जातो, म्हणून प्रत्येक गेटपाशी पर्याय दुप्पट होतात आणि पुढे जाऊन बहुतेक पर्याय एकमेकांशी भांडतात. १९८१ साली गोयल यांनी ‘पोडेम’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: निर्णय फक्त बाहेरच्या इनपुटांवर घ्यायचे, आतल्या तारांवर घ्यायचे नाहीत. एक इनपुट ठरवायचा, आत काय होतं ते सरळ पुढे मोजायचं, ‘डी’ची वाट अजून उघडी आहे का पाहायचं; असेल तर पुढचा इनपुट, नसेल तर आताचा बदलायचा. आतल्या तारांच्या मागण्यांचं भांडण उद्भवतच नाही, कारण आतल्या किमती नेहमी खऱ्या इनपुटमधूनच आलेल्या असतात. आणि शोधाचं रान हजारो आतल्या तारांवरून मोजक्या इनपुटांपर्यंत आक्रसतं. दोन वर्षांनी फुजिवारा आणि शिमोनो यांनी ‘फॅन’ या पद्धतीत फाटे फुटणाऱ्या तारांवर विशेष लक्ष देऊन मागे फिरणं आणखी कमी केलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ट्रेसी लॅराबी यांनी धड आणि बिघडलेलं अशी दोन्ही सर्किटं एका भल्यामोठ्या तार्किक समीकरणात लिहून तेच सोडवायचा मार्ग दाखवला. अशी समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम पुढे विलक्षण वेगवान झाले आणि या मार्गाला त्याचा आयता फायदा झाला.

तरी प्रत्येक दोषासाठी अशी शोधमोहीम काढणं परवडत नाही, आणि काढतही नाहीत. आधी काही हजार इनपुट नुसते यदृच्छेने देतात आणि कोणते दोष आपोआप सापडले ते मोजतात. सोपे दोष यांतच झटकन गळून पडतात. हे मोजणं वेगाने करायची युक्ती १९६०च्या दशकात सुंदरम शेषू यांनी रूढ केली. संगणक एका वेळी एक शब्द हाताळतो, आज तो ६४ बिटांचा असतो. त्यातला प्रत्येक बिट हे वेगळं सर्किट मानायचं, एक धड आणि बाकीची एकेका दोषाची. एका अँड-आज्ञेत ६४ सर्किटांमधलं तेच गेट एकदम मोजून होतं. १९८५च्या सुमारास आयबीएमच्या संशोधकांनी हे उलटं वापरलं: दोष एकच, पण शब्दातल्या प्रत्येक बिटात वेगळा इनपुट. सापडलेला दोष यादीतून काढून टाकायचा, त्याच्यावर पुन्हा वेळ घालवायचा नाही.

यदृच्छेला मात्र मर्यादा आहे. ३२ तारा एकाच अँडमध्ये जात असतील, तर त्याची आउटपुट शून्यावर अडकली आहे का हे पाहायला बत्तीसच्या बत्तीस तारांवर एक यावा लागतो. यदृच्छेने तसं होण्याची शक्यता ४२९ कोटींत एक. अशा दोषांसाठीच पोडेमसारखी पद्धत राखून ठेवतात. आणि इथेच एक गोष्ट मतदारांनाही स्पष्ट सांगायला हवी. वर सांगितलेलं सगळं शास्त्र अपघाताने झालेल्या बिघाडाचं आहे. अपघात कुणापासून लपायचा प्रयत्न करत नाही. कुणी मुद्दाम एखाद्या चिपमध्ये विशिष्ट खुणेवरच जागा होणारा भाग बसवला, तर तो त्या ३२ तारांच्या अँडसारखा वागेल आणि बाहेरून टाकलेल्या १,४०० मतांत तो दिसेलच असं म्हणता येणार नाही. कुठल्या यंत्रात तसं काही आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ इतकाच की छेडछाड झाली का या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या पुराव्यांतून शोधावं लागतं: चिपमधला प्रोग्रॅम मूळ प्रोग्रॅमशी ताडून, यंत्राची ने-आण कुणाच्या ताब्यात झाली ते पाहून, आणि कागदी चिठ्ठ्या मोजून. एप्रिल २०१९पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या यदृच्छेने निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. ती पद्धत सर्किटाबद्दल काहीच गृहीत धरत नाही, आणि तिचं बळ त्यातच आहे.

आता स्मरणशक्ती असलेल्या सर्किटांकडे येऊ. काउंटरचा अकरावा बिट तपासायला १,०२४ मतं टाकावी लागतात हे आपण पाहिलं. चाळिसावा बिट असता तर? एकेक मत टाकत तिथवर पोचायचं ठरवलं, तर ५४ हजार कोटींहून जास्त पावलं. पण काउंटरमध्ये थेट हवी ती किंमत भरता आली, तर एकच पाऊल पुरतं: १,०२३ भरा, एक स्पंद द्या, १,०२४ आले का पाहा. आयबीएममधल्या एडवर्ड आयकेलबर्गर आणि थॉमस विल्यम्स यांनी १९७७ साली हेच शिस्तीत बसवलं. चिपमधल्या सगळ्या फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारे भाग) एका लांब साखळीत जोडायच्या. एरवी त्या आपापलं काम करतील; चाचणीची कळ दाबली की साखळी होतील आणि एका पिनेतून हव्या त्या किमती आत सरकवता येतील, दुसऱ्या पिनेतून उत्तरं बाहेर सरकवता येतील. यासाठी चिपवर थोडी जागा जास्त जाते. पण स्मरणशक्तीचा गुंता सुटतो आणि पोडेम, फॅन वगैरे पद्धती थेट वापरता येतात. पुढे १९९०मध्ये जेटॅग हे प्रमाण आलं आणि सर्किट बोर्डावरच्या चिपांमधल्या जोडण्याही अशाच साखळीने तपासता येऊ लागल्या. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं ‘स्टक-अ‍ॅट’ आणि ‘जेटॅग’ हे शब्द परीक्षेसाठी पाठ करतात. त्यांनी हा काउंटरचा हिशेब एकदा हाताने करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

सगळे दोष पकडणं शक्य नसेल तर कितीवर थांबायचं? याच विल्यम्स यांनी एन. सी. ब्राउन यांच्यासह १९८१मध्ये त्याचा हिशेब मांडला. समजा, कारखान्यात तयार होणाऱ्या निम्म्या चिपा सदोष निघतात. चाचण्या यादीतल्या ९५ टक्के दोषांना पकडणाऱ्या असतील, तर ‘पास’ म्हणून बाहेर पडलेल्या दर हजार चिपांत सुमारे ३४ खराब असतील. ९५ टक्के ऐकायला छान वाटतं. कारखान्याचं मात्र त्याने दिवाळं निघेल. तेच प्रमाण ९९.९ टक्क्यांवर नेलं, तर दर दहा लाखांत सुमारे ६९० खराब. शेवटचे काही टक्के गाठण्यासाठी एवढा आटापिटा चालतो तो यामुळे. आणि सापडायला सगळ्यात कठीण दोष त्या शेवटच्या टक्क्यांतच असतात.

नगरला याचं एक टोक रोज अनुभवाला येतं. वाहननगरला संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे; फाळणीनंतर ती चकलाल्याहून (आता पाकिस्तानात) इथे आली. लष्करी आणि नागरी वाहनं तिथल्या चाचणी-मार्गांवर तपासली जातात आणि वाहनांमधली इलेक्ट्रॉनिक्स रेडिओ लहरींच्या माऱ्यात नीट चालते का, हेही पाहिलं जातं. ती तपासणी अख्ख्या वाहनाची. चिपच्या आतली तपासणी त्याच्या कितीतरी आधी, आणि त्यानंतरही, चालू असते. कारण कारखान्यातून धड निघालेली चिपही म्हातारी होते. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या विजेने धातूच्या रेघा झिजतात, इंजिनजवळच्या उष्णतेने ट्रान्झिस्टर मंदावतात. ब्रेक आणि स्टिअरिंग सांभाळणाऱ्या चिपांसाठी २०११ साली आलेलं आयएसओ २६२६२ हे प्रमाण सर्वात कडक श्रेणीत अशी अपेक्षा ठेवतं की थेट धोका निर्माण करू शकणाऱ्या दोषांपैकी किमान ९९ टक्के गाडीने स्वतःच हेरले पाहिजेत किंवा निरुपद्रवी केले पाहिजेत.

म्हणून अशा चिपांमध्ये तपासनीस आतच बसवतात. किल्ली फिरवली की काही मिलिसेकंदांत एक लहानसं सर्किट यदृच्छ वाटणारे शून्य-एक तयार करून साखळ्यांमध्ये सरकवतं. दुसरं सर्किट सगळी उत्तरं एकत्र घुसळून त्यांचा एक छोटा अंक बनवतं आणि तो आधी ठरलेल्या अंकाशी ताडून पाहतं. जुळला नाही तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. ३२ तारांच्या अँडसारख्या हट्टी जागांसाठी चिप आखतानाच जास्तीचे गेट घालतात, म्हणजे यदृच्छ इनपुटही तिथे पोचतात. कोणत्या जागी ते घालायचे हे साध्या हिशेबाने ठरवता येतं: प्रत्येक तारेवर एक येण्याची शक्यता किती, आणि तिथला बदल बाहेर दिसण्याची शक्यता किती. मोटारीच्या सर्किटासाठी हा हिशेब करून पाहा. तिन्ही इनपुट यदृच्छेने दिले, तर ‘क’ एकावर अडकल्याचा दोष आठांतल्या एकाच जुळणीला सापडतो, मोटारीची तार शून्यावर अडकल्याचा दोष पाचांना. एक आणि पाच यांमधलं हे अंतर लाखो गेटांच्या चिपमध्ये अब्जावधींचं होतं, आणि नवे गेट कुठे घालायचे ते त्यावरूनच ठरतं.